गाडी पाणी का पिते?

फळ्यावर लिहिताना माझ्या उजव्या मनगटावरचा पांढरट डाग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो जन्मखूण नाही. २००४ सालच्या मे महिन्यात, नववीची परीक्षा संपल्यावर, तो मला जालना-अंबड रस्त्यावर मिळाला.

माझ्या मामूंजवळ एक जुनी डिझेल अँबेसेडर होती. लग्नसराईत ती भाड्याने देऊन ते घर चालवीत. त्या दिवशी आम्ही अंबडला एका लग्नाला निघालो होतो. गेले आठ-दहा दिवस गाडीतले पाणी रोज कमी होत असे. मामू दर वेळी बादलीने पाणी भरत आणि म्हणत, "जुनी गाडी आहे, पाणी पिते." त्या दुपारी गोलापांगरीच्या पुढे बोनेटमधून वाफ निघू लागली. मामू पाणी आणायला जवळच्या शेताकडे गेले. मला वाटले, तोवर आपण झाकण उघडून ठेवावे. मी ओल्या फडक्याने रेडिएटरचे झाकण फिरवले आणि उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले.

असे का झाले, हे समजण्यासाठी इंजिनातील पाण्याचे काम समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा सुमारे वीसपट दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीचा काही धुरावाटे जातो, तर काही इंजिनाचे लोखंड तापवतो. हे लोखंड थंड ठेवण्यासाठी त्याच्या पोकळीतून पाणी फिरते. तापलेले पाणी वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने व पंख्याने निवते आणि खालच्या पाइपातून परत जाते. त्याला ढकलण्याचे काम पाण्याचा पंप करतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाचे एक लहान दार असते. इंजिन पुरेसे तापेपर्यंत ते बंद राहते व साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडते.

आता झाकणाकडे या. आपला जालना जिल्हा समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच, म्हणजे ९८ अंशांच्या आसपास उकळते. गाडीला एवढे पुरत नाही. म्हणून रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे दाब धरून ठेवते. दाबाखाली पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण काढले की दाब एकदम नाहीसा होतो आणि सगळे पाणी एकाच वेळी उकळून बाहेर झेपावते. कुकरची वाफ जाण्याआधी तुमची अम्मी झाकण उघडते का? मी मात्र तेच केले.

गाडी तापली तर ती सावलीत थांबवून इंजिन बंद करावे व निदान अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. त्याने लोखंडाला तडा जाऊ शकतो. आणखी एक फसवी गोष्ट सांगतो. पाणी पूर्ण संपले, तर उष्णता दाखवणारा काटा कधी कधी खाली येतो, कारण मोजणाऱ्या यंत्राला पाण्याचा स्पर्शच उरत नाही. चालकाला वाटते, गाडी थंड झाली!

त्या दिवशी गाडी ओढून जालन्याला आणली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पाहणी सुरू केली. मी हाताला पट्टी बांधून शेजारी उभा होतो. त्याने आधी पाणी भरले नाही, आधी पाहिले. पट्टा सैल आहे का? रेडिएटरच्या जाळीत कापसाची बोंडरी, किडे, धूळ अडकली आहे का? वरचा पाइप गार आणि इंजिन मात्र तापलेले, असे होत असेल तर थर्मोस्टॅट अडकलेला असतो. (आपल्याकडे काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ते चूक आहे. मग इंजिन तापायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जळते.) शेवटी त्याने खालच्या पाइपाची पट्टी सैल केली. तिच्याखाली जुन्या रबराला नखाएवढी चीर होती. गाडी थंड असताना तिच्यातून थेंबही येत नसे. इंजिन तापून दाब वाढला की पाणी फवाऱ्यासारखे निघे आणि रस्त्यावरच वाळून जाई.

"चाचा," मिस्त्री मामूंना म्हणाला, "गाडी पाणी पीत नव्हती, सांडत होती."

पाइप स्वस्तातला होता. पण कोरडे इंजिन चालल्याने हेडखालचे गॅस्केट जळले होते. ऑइलची पट्टी ओढली तेव्हा ऑइल दुधाळ चहासारखे दिसले. पाणी त्यात मिसळले होते. बाहेर कुठेच गळती दिसत नाही, तरी पाणी कमी होते आणि धुराड्यातून सतत पांढरा धूर येतो, तेव्हाही संशय गॅस्केटवरच जातो. डिझेल इंजिनात दाब फार असल्याने हे दुखणे महाग पडते. ऐन लग्नसराईत मामूंची गाडी दीड महिना उभी राहिली. त्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या शाळेची फी अब्बांनी भरली.

दुरुस्तीनंतर मिस्त्रीने विहिरीचे पाणी बंद करायला सांगितले. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, जसा चहाच्या किटलीत बसतो. त्याऐवजी शुद्ध पाण्यात कूलंट मिसळावे. कूलंट मुळात थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून वापरतात. आपल्याला त्याचा उपयोग असा की ते गंज रोखते आणि पाणी उशिरा उकळू देते. ते बहुधा रंगीत असल्याने गळती चटकन दिसते. मात्र ते विषारी असते आणि चवीला गोड लागते, म्हणून सांडलेले कूलंट लगेच धुवावे. कुत्री-मांजरे ते चाटतात.

तेव्हापासून मामू रोज रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवत. वातानुकूलन असलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी पडते, ती गळती नव्हे. मामूंच्या गाडीत तर ते नव्हतेच. पुढे एका सकाळी पंख्याच्या मागे, पंपाच्या बरोबर खाली, कागदावर चार आण्याच्या नाण्याएवढा हिरवा डाग दिसला. मामूंनी त्या दिवसाचे भाडे नाकारले, कागदाची घडी करून खिशात घातली आणि गाडी सरळ मिस्त्रीकडे नेली.