विशाळगडावरील एका फुलाचे बारसे

पुरंदरचा तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली आमच्या बऱ्हाणपुरातच निवर्तले. त्यामुळे शिवचरित्राशी आम्हां तापीकाठच्या मराठी मंडळींचे नाते केवळ पुस्तकी नाही. त्याच चरित्रातील विशाळगड २०२३ साली एका निराळ्या कारणाने अभ्यासकांच्या चर्चेत आला. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून महाराज १६६० च्या पावसाळ्यात ज्या गडावर पोहोचले, तेथील एका वनस्पतीला ‘सिरोपेजिया शिवरायियाना’ असे शास्त्रीय नाव मिळाले. अक्षय जंगम, डॉ. नीलेश पवार, ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव प्रभृतींच्या परिश्रमाचे हे फळ होय.

सिरोपेजिया म्हणजे आपली कंदीलपुष्पे; कुठे कुठे त्यांतील काहींना खरतुडी म्हणतात. जमिनीत कंद, पावसाळ्यात वर येणारे नाजूक खोड आणि इवल्याशा कंदिलासारखे फूल, असे त्यांचे रूप. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेल्या चिलटाला त्यामुळे परतीची वाट राहत नाही. फूल कोमेजू लागले, केस सुकले, म्हणजे ते परागपुंज घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात शिरून परागीकरण घडवते.

परंतु नवे फूल दिसले आणि नाव ठेवले, इतके हे बारसे सोपे नसते. या वनस्पतीशी पुष्कळ साम्य असलेली ‘सिरोपेजिया ह्युबेराय’ ही जात आधीपासून ज्ञात होती. अशा वेळी खोड उभे की वेलासारखे, देठावर लव आहे की नाही, एका दांड्यावर फुले किती, नळी कोठे फुगते, पाकळ्यांची टोके कशी जुळतात, हे सारे भिंगाखाली ताडून पाहावे लागते. मग वर्णन प्रसिद्ध करावयाचे आणि वाळविलेला एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावयाचा. पुढे कोणाला शंका आली तर निवाडा त्या नमुन्यावरून होतो. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत असे वर्णन लॅटिनमध्येच देणे बंधनकारक होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते. भेद टिकला नाही, तर नाव कितीही थोर असो, ते जुन्या नावात विलीन होते. शिवरायांचे नाव हा गौरव खरा, परंतु त्या नावाला आधार आहे तो त्या रोपट्याच्या स्वतःच्या वेगळेपणाचा.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ज्याला नाव नाही त्याची गणती होत नाही आणि ज्याची गणती नाही त्याचे रक्षण कोणी करीत नाही. कंदीलपुष्पांचे कंद खाण्यासाठी खणले जातात, रानडुकरे व साळिंदरेही ते उकरतात. दोन जाती एकच समजल्या गेल्या, तर त्यांतली दुर्मीळ जात नामशेष झाली तरी ‘अजून पुष्कळ आहेत’ असेच आपण म्हणत राहू.

भाषेच्या शिक्षकाला यात आपलाच विषय दिसतो. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत भेद एका अक्षराचा. हिंदी वातावरणात वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या जिभेवरून ‘ळ’ निसटला, की ते दोन शब्द त्यांच्या कानी एकच होतात. देठावरची लव आणि शब्दातला ‘ळ’, दोन्ही किरकोळ वाटतात, परंतु ओळख त्यांवरच अवलंबून असते.

वाचकहो, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या घरांतील वृद्धांना, तसेच डोंगरातील कोरकू व बारेला बांधवांना कितीतरी रानभाज्या आणि कंद नावानिशी ठाऊक आहेत. दोन सारखी दिसणारी पाने ते कशावरून वेगळी ओळखतात, हेही त्यांना पुसावे. मुलांनी वहीत नाव लिहावे आणि त्याखाली ओळखीची खूण लिहावी. रोप उपटू नये; चित्र काढले तरी पुरे. खुणेवाचून नाव उरले, तर ते केवळ पाठांतर होते. आजीच्या तोंडचे नाव तिच्या खुणेसह वहीत उतरले, तर तेवढी एक वनस्पती पुढल्या पिढीला ओळखता येईल.