सभेची नोटीस छापताय? आधी यादीतले रिकामे रकाने बघा



बंदी उठते, नारळी पौर्णिमा होते, होड्या दर्यात जातात आणि इकडे सोसायटीच्या कार्यालयात वार्षिक सभेच्या नोटिसांची घाई सुरू होते. सहकार कायद्याप्रमाणे सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. शेकडो पत्रं हातानं कोण लिहिणार? म्हणून वर्डचं मेल मर्ज. मजकूर एकच, नाव, पत्ता, नौका क्रमांक, येणे बाकी हे एक्सेलच्या यादीतून आपोआप. पण यादीत रकाना रिकामा असला की छापून येतं, "आपली नौका क्र. ____ च्या खात्यावर रु. ____ येणे आहे."

हे पत्र पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या मावशीच्या हातात पडलं तर ती विचारणारच, "माझी होडी कुठली रं, आणि पैसे कसले?"

रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ होतात. मावशीकडे नौकाच नाही, तिथे रिकामा रकाना बरोबरच आहे. एखाद्याची बाकी शून्य आहे आणि कुणी काही लिहिलंच नाही, तिथे 0 लिहायला पाहिजे. आणि तिसरा, माहिती आहे पण आपल्याकडे पोचली नाही. खरी भानगड याची, आणि वर्डला यातला फरक कळत नाही.

पहिल्या प्रकाराला वर्डमध्येच उपाय आहे. मेलिंग्ज टॅबवर रूल्स, त्यात इफ-देन-एल्स. नौकेचा रकाना निवडा, अट "इज ब्लँक" ठेवा. वरची चौकट मोकळी सोडा, खालच्या चौकटीत "आपल्या नावे नोंद असलेली नौका क्र." एवढंच लिहा. त्याला लागून नौकेचा रकाना टाका. नौका असेल त्यालाच ते वाक्य दिसेल.

पत्त्याची गोष्ट थोडी वेगळी. वारसानं शेअर मिळालेला एखादा सभासद ग्वाल्हेरच्या नया बाजारात राहत असेल, तर आपल्या यादीतला "पाडा" त्याला लागू नाही. ती ओळ रिकामी असली तर वर्ड ती स्वतःच गाळतं, पण ओळी साध्या एंटरने तोडलेल्या असतील तरच. शिफ्ट-एंटर मारलं असेल तर मध्ये भोक राहतं. आणि ओळीत "ता." किंवा स्वल्पविराम हातानं टाईप केला असेल, तर नुसतं "ता." छापून येतं. "ता." एक्सेलच्या रकान्यातच लिहा.

पिनकोड मात्र कधी रिकामा सोडू नका. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 15 ऑगस्ट 1972 ला ही पद्धत सुरू केली ती अशाच घोळासाठी. नवापूर पालघरच्या किनाऱ्यावर आहे आणि नंदुरबार जिल्ह्यातही आहे. पहिल्या 4 वरून तर महाराष्ट्र की मध्य प्रदेश हेही कळत नाही, पुढचे आकडे लागतातच.

आता तिसरा प्रकार. बाकी माहीत नसेल तर तो रकाना झाकायचा नाही, ते पत्र थांबवायचं. एडिट रेसिपिएंट लिस्टमध्ये फिल्टर लावा, "इज नॉट ब्लँक" निवडा, तेवढीच पत्रं छापा. उरलेली खातेवही उघडून बघा. पण एक सांगतो, बाकीचं पत्र आणि सभेची नोटीस एकत्र करू नका. बाकी सापडली नाही म्हणून कुणाची नोटीस अडकली, तर तो सभेत उभा राहून जाब विचारेल, आणि त्याचं बरोबर असेल.

वारसाचा रकानाही याच जातीचा. सभासद वारला आणि नामनिर्देशन नसेल, तर वारस कोण हे समितीला ठरवावं लागतं, मग घरात भांडणं. म्हणून इथे इफ-देन-एल्सच्या वरच्या चौकटीत लिहा, "वारसाची नोंद नाही, कार्यालयात येऊन फॉर्म भरावा." खालची मोकळी ठेवा आणि पुढे वारसाच्या नावाचा रकाना.

छापण्याआधी एक्सेलमध्ये प्रत्येक रकान्याला फिल्टर लावून "ब्लँक्स" बघाच. कधी कधी पेशीत नुसती स्पेस असते, ती डोळ्याला रिकामी दिसते पण एक्सेल तिला रिकामी धरत नाही. ती डिलीट करा. मग प्रिव्ह्यू रिझल्ट्समध्ये दहा-बारा पत्रं चाळा, त्यात बिनहोडीचा, बाहेरगावचा आणि 0 बाकीचा सभासद असलाच पाहिजे.

सभासदांनो, पत्ता बदलला असेल, पिनकोड दिला नसेल, वारस लावला नसेल, तर नोटिसा निघायच्या आत कार्यालयात सांगून जा.