काम मिळते, नोंद मिळत नाही

पुण्याच्या महात्मा फुले मंडईला पुणेकर थट्टेने 'मंडई विद्यापीठ' म्हणतात. तेथील भाषेची धार, तेथे रंगणारी राजकीय चर्चा आणि कोणाचीही भीड न ठेवणारी वृत्ती यांवरून ही पदवी या बाजाराला बहाल झाली. परंतु थट्टा बाजूला ठेवून पाहिले तर या विद्यापीठाचे एक वैशिष्ट्य खरोखरच विचार करण्याजोगे आहे. येथे प्रवेशासाठी कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. शाळा अर्धवट सुटलेला, कसलेही खास कसब अंगी नसलेला मनुष्य पहाटे येथे आला, तर दुपारपर्यंत त्याच्या हाती चार पैसे पडण्याची शक्यता असते. ज्या शहरात पदवीधरांना अर्ज करकरून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, त्याच शहराच्या मध्यवस्तीत हे घडते.

या वास्तूच्या इतिहासात एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानावर भरणारा भाजीबाजार या इमारतीत आला तो १८८६ साली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. या बांधकामावर नगरपालिकेने मोठी रक्कम खर्च करण्यास जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका होती. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. ज्यांच्या शिक्षणासाठी फुले झगडत होते, त्यांच्यापैकी ज्यांना शिक्षण मिळाले नाही, त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्यांच्याच नावाच्या छपराखाली पोटाला लागतात.

घाऊक बाजार गुलटेकडीला हलून बराच काळ लोटला असला, तरी मंडई अद्याप जागी होते ती अंधारातच. मार्केट यार्डातून भाजीचे टेम्पो येऊन थडकतात. पोती आणि क्रेट गाळ्यांपर्यंत वाहून नेणारे हमाल असतात. पालेभाजी निवडणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या, मटार सोलून देणाऱ्या बाया असतात. गिऱ्हाइकाचे ओझे रिक्षापर्यंत पोचवणारे असतात, हातगाडी भाड्याने घेऊन माल फिरवणारे असतात, आणि गाळ्यावर नुसते उभे राहून आरोळी देणारी पोरेही असतात. यांपैकी बहुतेक कामे एका सकाळीत शिकता येतात. नेमणूकपत्र नाही, मुलाखत नाही, चाचणी नाही.

तथापि, हा बाजार सर्वांना मुक्त आहे असा जो समज बाहेरून होतो, तो मात्र खरा नाही. मुळशी, मावळ किंवा भोरच्या एखाद्या वाडीतला मुलगा जेव्हा पहिल्यांदा येथे उभा राहतो, तेव्हा त्याच्या पाठीशी बहुधा कोणीतरी असतो: चुलता, मेहुणा, निदान गावचा माणूस. 'माझ्या ओळखीचा आहे, ठेवून घ्या' हे एक वाक्य येथे प्रशस्तिपत्राचे काम करते. गाळेवाल्याच्या बाजूने पाहता त्यात गैर काही नाही. उघड्यावर पडलेला माल, गल्ल्यातले सुटे पैसे, सकाळची घाई. अशा जागी अनोळखी मनुष्य घेण्यापेक्षा ज्याचा जामीन कोणी आहे असा मनुष्य घेणे त्याला परवडते. पदवी हीसुद्धा अखेर अनोळखी माणसाविषयी दिलेली एक हमीच असते. ती ज्याच्याजवळ नाही त्याला दुसरी हमी लागते, आणि ती नात्यागोत्यातून, जातीतून, गावकीतून येते. म्हणून ज्याला पदवीही नाही आणि चुलताही नाही, तो मंडईत न येता शहरातल्या मजूर अड्ड्यावर, एखाद्या चौकात डबा घेऊन ताटकळत उभा राहतो. तेथे ओळखीची गरज नाही. पण दहा वाजेपर्यंत कोणी बोलावले नाही, तर तो दिवस गेला.

अर्थशास्त्राने या माणसांकडे प्रथम फार वरवर पाहिले. शेतीतून सुटलेले हे जादा हात शहरात थोडा काळ काहीबाही करतील आणि कारखाने वाढताच त्यांत सामावले जातील, अशी अपेक्षा आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या प्रसिद्ध निबंधानंतर रूढ झाली. १९७२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्दप्रयोग सर्वत्र नेला, तेव्हा हे 'काहीबाही' म्हणजेच पुष्कळांचे आयुष्य आहे, याची जाणीव झाली. गुन्नार मिर्डाल यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की आशियातल्या गरिबाला पाश्चात्त्य अर्थाने बेकार राहणे परवडतच नाही. आपल्याकडील राष्ट्रीय नमुना पाहण्यांतून वर्षानुवर्षे हेच दिसत आले आहे: बेकारीचे प्रमाण शिकलेल्यांत अधिक, न शिकलेल्यांत कमी. यावरून अशिक्षितांची स्थिती बरी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वाट पाहण्याइतकी शिल्लक ज्याच्या घरी आहे तोच बेकार म्हणून मोजला जातो. ज्याच्या घरी ती नाही, तो मिळेल ते काम, मिळेल त्या दराने पत्करतो आणि पाहणीत 'रोजगारयुक्त' ठरतो.

काम लवकर मिळणे हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग पुढे येतो. पहिल्या दिवशी हमालाला जे मिळते आणि विसाव्या वर्षी जे मिळते, त्यांत महागाई वजा जाता फारसा फरक पडत नाही. उलट विसाव्या वर्षी पाठ साथ देईनाशी होते. कारकुनाची वीस वर्षे सेवापुस्तकात चढतात, त्यांतून वेतनवाढ, भविष्यनिर्वाह निधी, कर्जासाठी पत निर्माण होते. लसूण सोलणाऱ्या बाईची वीस वर्षे कोठेच चढत नाहीत. ती चार गाळ्यांचे काम करीत असेल, तर तिचा मालक कोण, याचेच उत्तर सापडत नाही. सापडले, तरी चौघेही म्हणणार, 'ती आमची नव्हे, ती येते-जाते.'

हे कोडे सुटतच नाही असे मात्र नाही. ते एकदा याच शहरात बऱ्याच अंशी सोडवले गेले आहे, याचा विसर पडता कामा नये. नाना पेठ आणि भवानी पेठेतल्या भुसार बाजारात पोती वाहणाऱ्या हमालांची संघटना, हमाल पंचायत, डॉ. बाबा आढाव यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. त्या रेट्यातून महाराष्ट्र विधिमंडळाने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. या कायद्याची कल्पकता अशी की, 'मालक कोण?' या प्रश्नापाशी तो अडकून पडला नाही. हमाल आज या दुकानाचे पोते उचलतो, उद्या त्या दुकानाचे, ठीक आहे. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले एक मंडळ स्थापावे. मालक आणि हमाल या दोघांचीही त्याच्याकडे नोंदणी व्हावी. ज्याने काम करवून घेतले त्याने मजुरी, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, मंडळाकडे भरावी. मंडळाने त्यातून मजुरी द्यावी आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा व औषधोपचार यांची तरतूद करावी. मालक अनेक असोत, बदलते असोत, हिशेब एका ठिकाणी साचतो.

सही करतानाही अडखळणाऱ्या माणसाला उपदान मिळू लागले, ही घटना लहान नव्हे. हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे स्वस्त, सकस अन्नाचे केंद्र सुरू केले. पोत्याचे वजन कमी करण्याचा आग्रह सातत्याने धरला. प्रौढ पुरुषाने ५५ किलोंहून अधिक ओझे उचलू नये अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच केली होती. तत्संबंधीच्या कराराला भारताने मान्यता दिली २०१० साली. मधली त्रेचाळीस वर्षे माणसांच्या पाठींनी भरून काढली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जेथे नोंद आली तेथे कुंपणही आले. बिल्ला असलेल्या हमालाच्या टोळीत जागा मिळवणे नवख्याला सोपे नसते. बापाच्या जागी मुलगा, भावाच्या जागी भाऊ, असा क्रम लागतो. औद्योगिक वसाहतींत तर माथाडीचे नाव पुढे करून, काम न करताच पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी वारंवार होत आल्या आहेत. कायद्याच्या टीकाकारांना यातून आयते साधन मिळते. पण खोट्या नोटा निघतात म्हणून चलन बंद करा असे कोणी म्हणत नाही. खंडणीखोराचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. त्याच्या अपराधाचे माप खऱ्या हमालाच्या पदरात घालणे अन्यायाचे आहे.

खरा प्रश्न कुंपणाबाहेर जे उरले त्यांचा आहे, आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, ओळखपत्रे मिळवली, आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेशी करार करून घेतले. कचऱ्याच्या पेटीत हात घालणारी बाई करारातला पक्ष होऊ शकते, हे तिने दाखवले. मंडईतल्या निवडणाऱ्या-सोलणाऱ्या बायांचे काम यापेक्षा अधिक विखुरलेले आहे असे म्हणता येणार नाही.

आज झटपट कामाचा सर्वांत गजबजलेला दरवाजा मोबाइलमध्ये उघडतो. जेवणाचे डबे आणि सामान पोचवणाऱ्या तरुणाला पदवी विचारली जात नाही, चुलताही विचारला जात नाही. परंतु दुचाकी व मोबाइल लागतो, म्हणजे हमीची जागा भांडवलाने घेतली, आणि ते भांडवल हप्त्यांवर येते. येथे नोंद मात्र विपुल आहे. तो किती किलोमीटर फिरला, किती मिनिटे उशीर झाला, हे सारे कंपनीजवळ असते. त्याच्या कामी येईल असे त्यात फार थोडे. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कायदा करून प्रत्येक व्यवहारावर शुल्क बसवण्याची तरतूद केली, तेव्हा माथाडी लेव्हीचे तत्त्वच नव्या रूपात पुढे आले. महाराष्ट्राची ही कल्पना महाराष्ट्राने आधी उचलली नाही, याची खंत वाटते.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू केली आणि तीत तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे आली. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्यात नोंद होते ती कामगाराची. त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्याची नव्हे. माथाडी मंडळाची वही आणि ई-श्रमचे कार्ड यांत हा मूलभूत भेद आहे. एकीत देणेकरी लिहिला जातो, दुसऱ्यात केवळ गरजवंत.

मंडईच्या बाबतीत हा देणेकरी शोधणे वाटते तितके कठीण नाही. इमारत महापालिकेची आहे, गाळ्यांचे भाडे महापालिका घेते, गाळेधारकांची यादी तिच्या दप्तरी आहे. येथे हमाली, निवडणे, सोलणे करणाऱ्या प्रत्येकाची नोंद करावी, गाळ्यामागे एक माफक रक्कम भाड्यासोबतच वसूल करावी, आणि ती या माणसांच्या नावावर मंडळाकडे जमा करावी. गाळेवाले कुरकुर करतील, आणि ती सर्वस्वी निराधार असणार नाही. मॉल आणि घरपोच भाजीच्या स्पर्धेत त्यांचाही नफा आक्रसला आहे. म्हणून रक्कम प्रारंभी लहान असावी, आणि पहिली काही वर्षे महापालिकेने आपल्या भाड्यातून तितकीच भर घालावी. २०२४ पासून भुयारी मेट्रो मंडईच्या पायाखालून धावते. तिच्यावरच्या खर्चाच्या मानाने ही भर नगण्य ठरेल. नवा विभाग, नवे कार्यालय, नवी इमारत यांपैकी कशाचीच आवश्यकता नाही. भाड्याच्या पावतीवर एक रकाना वाढवावा लागेल.