तोंड वाकडं झालं, तर कानही पाहा

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहावं तर तोंड वाकडं. ‘वारं गेलं’ म्हणत घरात धावपळ सुरू होते. ती रास्तच आहे, कारण पक्षाघात असेल तर मिनिटामिनिटाला मोल असतं. पण त्या धांदलीत आजोबांचं एक वाक्य हरवतं : ‘दोन दिवस झाले, या कानानं ऐकू येत नाही.’ वयच झालंय, म्हणून कुणी ते मनावर घेत नाही. निदानाची किल्ली मात्र अनेकदा तिथंच असते.

चेहऱ्याची नस आणि ऐकण्या-तोलाची नस कानामागच्या हाडातल्या एकाच अरुंद बोगद्यातून जातात. अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ साली या वाटेवरचा एक आजार वर्णिला. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या गाठींत दडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती खालावली की पुन्हा उठतो. पाठीवर, छातीवर उठला की आपण त्याला नागीण म्हणतो. चेहऱ्याच्या नसेत उठला, तर कानात ठणका, पाळीवर किंवा कानाच्या नळीत बारीक फोड, वाकडं तोंड, कमी ऐकू येणं, गरगरणं. फोड कधी उशिरा येतात, कधी येतच नाहीत. म्हणून तर हा आजार निसटतो.

डॉक्टर कपाळाला आठ्या घालायला सांगतात. मेंदूतल्या नेहमीच्या झटक्यात कपाळ बहुधा हलतं, नस बिघडली तर अर्धं कपाळ सपाट राहतं. पण या खुणेवर विसंबून घरी थांबू नका. मेंदूच्या मागच्या भागातला झटका कपाळ, कान आणि तोल तिन्ही एकदम बिघडवू शकतो. मधुमेह असेल, कान वाहत असेल आणि रात्रीची झोप उडवणारा ठणका असेल, तर कानाच्या हाडापर्यंत पोचलेल्या जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा लागतो. म्हणून श्रवणचाचणी हवीच, गरजेप्रमाणे एमआरआयही.

कानातल्या नागिणीवर विषाणूरोधक औषध आणि स्टेरॉइड शक्यतो पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. स्टेरॉइडनं साखर चढते, तिच्यावर लक्ष हवं. मिटत नसलेला डोळा थेंब आणि पट्टीनं जपावा लागतो, नाहीतर बुबुळाला इजा होते.

नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत अजून गावोगाव आहे. काव लावण्यात आणि मंत्र घालण्यात हेच तीन दिवस जातात. तोंड वाकडं दिसताच माणसाला रुग्णालयात न्या, आणि कानाबद्दल तो काय म्हणतो ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.