शिळ्या बातमीचे गणित

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने आठवड्यागणिक किती बळी घेतले, ते आकडे एडिनबरोच्या दोघांनी १९२७ साली आपल्या समीकरणांशी ताडून पाहिले. आलेख छान जुळला. विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचे साथीचे ते गणित आजही वापरात आहे. अफवांचा हिशेब मांडू पाहणाऱ्यांनाही तेच आधी हाताशी सापडले.

पण प्लेगचा रोगी बरा होतो किंवा मरतो, मग त्याची दुसऱ्या कोणाशी गाठ पडो न पडो. अफवा सांगणाऱ्याचे तसे नसते. केंब्रिजच्या डॅरिल डेली आणि डेव्हिड केंडल यांनी १९६४ मध्ये नेमके हेच हेरले. त्यांनी लोकांचे तीन गट केले: बातमी न ऐकलेले, सांगत सुटलेले आणि सांगून थंडावलेले. नवा कान मिळाला की सांगणारा आणखी एक वाढतो. समोरचा ‘अहो, हे कधीच कळलंय’ म्हणाला, की सांगणाऱ्याची हौस फिटते. या गणितात अफवा मरते ती शिळी झाल्यामुळे. ती खरी की खोटी, हे समीकरण विचारतच नाही!

साथ पसरायला रोगाचा किमान जोर लागतो. या प्रारूपातल्या अफवेला तशी अट नाही. तरीही वस्ती मोठी असेल, तर सरतेशेवटी सुमारे २० टक्के लोकांच्या कानावर ती जातच नाही.

हे झाले पारावरच्या गप्पांचे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. ग्रुपवर मेसेज ढकलणाऱ्याला समोरच्याचा कंटाळलेला चेहरा दिसत नाही. डेली-केंडल यांचा ब्रेकच तिथे ढिला पडतो.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पण तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण मावत. म्हणजे पाच ग्रुप धरले तरी बाराशेच्या वर माणसे. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ही मर्यादा एकावर आली. त्याआधी, २०१९ मध्ये, ब्राझीलच्या संशोधकांनी भारतासह तीन देशांतल्या सार्वजनिक ग्रुपांच्या जाळ्यावर अशा मर्यादा साथीच्या गणिताने तपासल्या होत्या. प्रसार लांबतो, पण मजकूर फारच चटकदार असेल तर तो अडत नाही, असे त्यांना आढळले.