हिरवा पट्टा, लाल फुल्या

सीबीडी बेलापूर सोडून दक्षिणेला निघालेली एसटी पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागते आणि पेण, कोलाड मागे टाकत माणगावला पोचते. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा जवान शत्रूच्या मशीनगनवर एकटा धावून गेला. तुकडीतले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले होते. घाडगे यांनी आधी हातबॉम्ब फेकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगन चालवली. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही, तेव्हा तिचाच दांडुका केला. मोर्चा हाती आला आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीकाठी याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी, हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना तेव्हा, हातबॉम्बांवरच लढाई रेटली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर.

त्या काळी भारतीय पायदळाचा मुख्य हातबॉम्ब होता मिल्सचा ‘३६ एम’. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांची मूळ रचना १९१५ची. बिडाचे अंडाकृती कवच, त्यावर चौकटीचौकटींच्या खाचा, वजन पाऊण किलोच्या आसपास. नावातला ‘एम’ मेसोपोटेमियाचा. पहिल्या महायुद्धातल्या त्या आघाडीवर मराठा पलटणींनीही हाल सोसले. ११० वी मराठा पलटण कुतच्या वेढ्यात अडकली होती आणि एप्रिल १९१६मध्ये तिथल्या सगळ्या फौजेला शरण जावे लागले. तिथल्या हवामानात दारू टिकावी, ओल आत शिरू नये, म्हणून १९१७च्या सुमारास या बॉम्बला लाखेचा लेप देण्यात आला. जुन्या ‘३६ एम’ची तपकिरी-काळसर चकाकी ही त्या लेपाची. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख युद्धसाहित्याचे कवच झाली, हा तपशील आपल्याकडे अधिक ठाऊक असायला हवा.

लेपावर चढत ते रंगीत पट्टे. पट्टा आतले स्फोटक सांगे. पहिल्या महायुद्धात पोटावरचा हिरवा पट्टा म्हणजे आत अमॅटॉल, गुलाबी म्हणजे अमोनल. पुढे तोच हिरवा पट्टा बॅरॅटॉलसाठी वापरात आला. रंग एक, काळ बदलला तसा अर्थ वेगळा. वरच्या अंगाला लाल कडे किंवा लाल फुल्यांची रांग असली, तर बॉम्ब भरलेला. शिकाऊ जवानांच्या कवायतीसाठी वेगळे नग असत, पांढरे रंगवलेले आणि भोके पाडलेले. बुडाच्या झाकणावर कारखान्याची खूण आणि साल कोरलेले असे. रंग पुसला गेला, तरी हा कोरीव मजकूर उरतो, म्हणून अभ्यासक आधी बॉम्ब उलटा करून पाहतात. अर्थात, संग्रहालयातला, आतून रिकामा केलेला.

सीमा ओलांडली की ही लिपी पार बदले. इटालियन हातबॉम्ब लालभडक असत. ब्रिटिश सैनिक त्यांना ‘लाल सैतान’ म्हणत. मार्च १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर तिसऱ्या मराठा बटालियनची गाठ इटालियन फौजेशीच पडली. जर्मनांकडे मात्र लाल म्हणजे सरावाचा. त्यांच्या दांड्याच्या खऱ्या हातबॉम्बवर पांढऱ्या अक्षरांत सूचना छापलेली असे: वापरण्यापूर्वी डिटोनेटर बसवा. अमेरिकनांनी सुरुवातीला बॉम्ब पिवळे रंगवले. पिवळा दुरून दिसतो, बाळगणाऱ्या सैनिकाचाही ठावठिकाणा सांगतो. युद्ध चालू असतानाच त्यांनी तो सोडून गडद हिरवा घेतला.

कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि बीड गंजते. नवी मुंबई पोलिसांचे आयुक्तालय सीबीडी बेलापूरलाच आहे. तिथले असो वा कुठलेही, बॉम्बशोधक पथक गंजलेल्या गोळ्याचा रंग पाहून तो निरुपद्रवी ठरवत नाही. पट्टा उडालेला असेल, कुणी नंतर रंगवलेला असेल. आजोबांच्या पेटीत, भंगारात किंवा पायाच्या खोदकामात असे काही सापडले, तर हात न लावता लांब व्हावे आणि ११२ला फोन करावा.

‘३६’ची जागा घेणारा नवा बॉम्ब महाराष्ट्रात तयार झाला. डीआरडीओच्या चंडीगडमधील प्रयोगशाळेने रचना केली, नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज लिमिटेडने उत्पादन. १ ऑक्टोबर २०२० रोजी दहा लाख नगांचा करार झाला आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी नागपुरात पहिला साठा संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत लष्कराकडे गेला. मिल्स यांच्या रचनेला तेव्हा १०६ वर्षे झाली होती.