काँक्रीट कमानींची आवर्ती भार चाचणी

पुलावरील वाहन कमानीच्या एका बाजूस असताना गाळ्याच्या चतुर्थांशाजवळ मोठे नमन परिबल निर्माण होते. ते पलीकडच्या बाजूस गेल्यावर परिबलाची दिशा उलटते. म्हणून या चाचणीत द्रवीय जॅकने दोन्ही चतुर्थांश बिंदूंवर आळीपाळीने भार देतात. ठराविक आवर्तनांनंतर विक्षेप, भेगांची रुंदी व सळयांतील विकृती मोजतात. जड कमान स्वतःच्या वजनानेच दाबलेली राहत असल्याने सहसा भेगाळत नाही. उच्च बलाच्या काँक्रीटमुळे कमान सडपातळ होते, पण हे संरक्षण घटून चल भाराचा वाटा वाढतो. काँक्रीट १ कोटी आवर्तनांपर्यंत स्थिर बलाच्या सु. ५५ टक्केच प्रतिबल सोसते. बल वाढविल्याने हे प्रमाण फारसे सुधारत नाही. शिवाय वितळजोड दिलेल्या किंवा वाकविलेल्या सळया सरळ सळयांपेक्षा लवकर शिणून तुटतात. एकदाच भार देऊन केलेल्या चाचणीत हा दोष उघड होत नाही.